आवाजाचे पारपत्र

माईक हातात घेऊन बुवा व्यासपीठावरून खाली उतरतात, श्रोत्यांच्या रांगांतून फिरतात, एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थापाशी थांबून त्याला दोन प्रश्न विचारतात, आणि तारेचे वेटोळे कुठेच दिसत नाही. वाघाडी नदीकाठच्या आपल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावालाही या दृश्याचे आता अप्रूप राहिलेले नाही. साऊंडवाला त्याला ‘कॉर्डलेस’ म्हणतो, सदऱ्याला अडकवायचा असला तर ‘कॉलर माईक’ म्हणतो, आणि भाड्याच्या यादीत भोंगे, मिक्सर, अँप यांच्याच ओळीत त्याचे नाव लिहून मोकळा होतो. इथेच आपली फसगत होते. भोंगा ही एक वस्तू आहे, आणि कॉर्डलेस ही अगदी निराळ्या जातीची वस्तू आहे.

वाचकहो, हे पुस्तक आकाशवाणीचे आहे, तेव्हा तिचेच उदाहरण घेऊ. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तिथे माणूस माईकपुढे बोलतो, त्या बोलण्याचा वीजप्रवाह होतो, तो प्रवाह प्रक्षेपकावरून लहरींच्या रूपाने निघतो, आणि तुमच्या घरचा रेडिओ त्या लहरी पकडून त्यांचे पुन्हा बोलणे करतो. बुवांच्या हातातल्या दांड्यात नेमके हेच चालते. वरच्या गोळ्यात ध्वनिग्राहक, खालच्या दांड्यात इवलासा प्रक्षेपक आणि तळाशी सेल. मिक्सरशेजारी दोन शेंड्या वर करून बसलेली पेटी म्हणजे त्या केंद्राचा एकुलता एक श्रोता. फरक काय तो शक्तीचा. आकाशवाणीच्या मोठ्या प्रक्षेपकांचे माप किलोवॅटमध्ये सांगतात. बुवांच्या दांड्याचे माप वॅटच्या हजाराव्या भागांत, दहा, वीस, फार तर पन्नास असे असते. परंतु जात एकच. ज्याच्या हाती कॉर्डलेस आहे तो माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, एक नभोवाणी केंद्र चालवीत असतो. आणि नभोवाणी केंद्र उचलून दुसऱ्याच्या देशात नेणे ही गोष्ट तबला किंवा पेटी नेण्याइतकी सोपी कशी असेल?

आपली मंडळी परदेशी कार्यक्रम करू लागली त्याला पुष्कळ काळ लोटला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, न. चिं. केळकरांनी त्याची स्थापना केली. शिकागोचे मंडळ १९६९ चे, आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. या मंडळांच्या गणेशोत्सवांना आणि अधिवेशनांना इथून नाटके गेली, गायक गेले, कीर्तनकार गेले. पूर्वी हा मान मुंबई-पुण्याचा होता. आता यवतमाळ जिल्ह्यातील मुलेही शिक्षणाने दूरदेशी जाऊन स्थिरावली आहेत, आणि ‘आपल्याकडचे भजनी मंडळ इकडे आणू या’ असे एखाद्याच्या मनात आले तर त्यात नवल नाही.

या भागातून परदेशी गेलेला सर्वांत प्रसिद्ध आवाज मात्र कॉर्डलेसवाचून गेला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, ते खंजिरी घेऊन. खंजिरीला सेल लागत नाही, तिला विजेचा दाब चालतो की नाही हे पाहावे लागत नाही, आणि तिची कंपने कुठल्या सरकारच्या पट्ट्यात येतात असे कोणी विचारीत नाही. कारण साधे आहे. खंजिरीचा नाद हवेतून जातो. कॉर्डलेसचा आवाज हवेतून जात नाही. तो विद्युत्-चुंबकीय लहरींवर बसून जातो, आणि त्या लहरींचा बटवडा प्रत्येक देशाने आपापल्या परीने केलेला आहे.

नाटकाचेही तसेच होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ केले, तेव्हा नटाचा कंठ हेच ध्वनियंत्र होते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी फेक नसली तर तो नट नव्हेच. पुढे माईक आला. त्याने आवाज मोठा केला खरा, पण नटाचे पाय बांधून टाकले. बोलायचे असले की माईकच्या टप्प्यात यायचे, भांडण असो की प्रेमाचा प्रसंग असो, साऱ्यांनी त्या एका दांड्याभोवती गोळा व्हायचे. खेड्यातल्या दंडारीत नाचता नाचता गाणाऱ्याला तर हे फारच जाचते. पायांना मोकळीक हवी आणि आवाजही पोचायला हवा, या दोन गरजांच्या ओढाताणीतून कॉर्डलेस जन्माला आला.

आणि तो जन्मला तो कायदा मोडून!

ही गोष्ट इंग्लंडमधली. रेजिनल्ड मूर्स नावाच्या तंत्रज्ञाने १९४७ साली तारेवाचून चालणारा एक माईक तयार केला. बर्फावर घसरत करायचे नाटक ही त्या देशातली एक आवडती करमणूक. १९४९ साली ब्रायटन येथे ‘अल्लाउद्दीन’चा तसा खेळ लागला. त्यातला जादूगार अबनाझार साऱ्या बर्फावरून भिरभिरतो. त्याच्यामागे तार कुठवर ओढणार? मूर्सने आपला प्रक्षेपक त्याच्या पोशाखात दडवला. सप्टेंबरपासून नाताळच्या हंगामापर्यंत यंत्राने चोख काम केले. पण ज्या ७६ मेगाहर्ट्झवर तो आवाज जात होता, तो वापरण्याचा परवाना मूर्सजवळ नव्हता. शोधाचे एकस्व घ्यावे तर चोरी उघडी पडणार. तेव्हा त्याने ते घेतलेच नाही. खेळाचे मालकही पुढे या भानगडीत राहिले नाहीत. आडोशाला बोलणारे आणि गाणारे बसवावेत आणि बर्फावरच्यांनी नुसते ओठ हलवावेत, हा मार्ग त्यांनी पत्करला. पुढे १९७२ साली मूर्सने आपले ते मूळ यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला देऊन टाकले.

ही ओठ हलवण्याची युक्ती आपल्याला परकी वाटू नये. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’त दोनशेवर माणसे, हत्ती-घोडे आणि मैदानाएवढा रंगमंच असतो. तिथे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि पात्रे त्यांवर अभिनय करतात. दोनशे माणसांना दोनशे माईक बांधणे शक्य नाही, हे १९८५ साली जितके खरे होते तितकेच आजही आहे. का शक्य नाही, ते पुढे येईलच.

मूर्सनंतर हे काम मोठ्या कारखान्यांनी हाती घेतले. अमेरिकेतील शूर कंपनीने १९५३ साली ‘व्हॅगाबाँड’ नावाचा माईक काढला. व्हॅगाबाँड म्हणजे भटक्या. पण या भटक्याची धाव पंधरा फुटांच्या आसपास होती. जर्मनीत सेनहायझरने १९५७ च्या सुमारास तिथल्या नभोवाणीसाठी तसलेच यंत्र केले. जगाचे लक्ष वेधले ते मात्र एका चित्रपटाने. ‘माय फेअर लेडी’ १९६४ साली पडद्यावर आला. चित्रपटात गाणी आधी ध्वनिमुद्रित करून घ्यायची आणि चित्रण करताना ओठ हलवायचे, ही रीत तिथेही होती. प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारा रेक्स हॅरिसन हटून बसला. तो अर्धे गाई, अर्धे बोले, आणि तेही दर खेपेला निराळे. तेव्हा त्याच्या टायखाली बिनतारी माईक लपवून त्याचे गाणे चित्रणाच्या वेळीच टिपले गेले. त्या चित्रपटाच्या ध्वनीला ऑस्कर मिळाले. ज्या मूळ नाटकावरून हा सारा खटाटोप झाला, त्या शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे मराठी रूप आपण सारे जाणतोच: पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’, १९७५ सालची.

आता कायद्याकडे वळू. मूर्सच्या वेळी ७६ मेगाहर्ट्झला धनी कोणी करून ठेवला? मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने. ७६ मेगाहर्ट्झ म्हणजे सात कोटी साठ लाख. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवून दाखवली, तेव्हा या लहरींना कोणी धनी नव्हता. एकच माणूस वापरणारा असेल तर हक्काचा प्रश्न उद्भवत नाही. पण दोन माणसे एकाच कंपनसंख्येवर बोलू लागली की दोघांचेही बोलणे ऐकू येत नाही, नुसती खरखर उरते. एका मोटेच्या पाण्यावर दोन शेते एकाच वेळी भिजत नाहीत, पाळी लावावी लागते, तसेच हे. म्हणून सरकारे मध्ये आली.

आपल्याकडे तर ती यापूर्वीच आली होती. १८८५ चा तार कायदा हातात होता. परंतु तो तारायंत्रासाठी केलेला. घरात नुसता रेडिओ ठेवणाऱ्याला तो नीट लागू करता येईना. तेव्हा १९३३ साली बिनतारी तारायंत्राचा निराळा कायदा झाला, आणि परवान्यावाचून असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. वापरणे सोडाच, बाळगणे! पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरल्याची आठवण घरच्या जुन्या माणसांना विचारा. घरगुती रेडिओवरचा तो परवाना १९८० नंतरच्या दशकात उठला. मूळ दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने केला तो २०२३ साली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे आपल्या देशातल्या बिनतारी यंत्रावर परक्या राजवटीत लिहिलेले कलम लागू होते. कमी शक्तीच्या यंत्रांसाठी मात्र सरकारने मधून मधून काही पट्टे परवानामुक्त केले. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा त्यांपैकी एक.

मग इतकी वर्षे जगभरच्या नाटकांत आणि मैफलीत माईक चालले कुठे? ते दूरचित्रवाणीच्या बांधावर चालले. यासाठी आपल्याकडच्या शेतीची उपमा चांगली लागू पडते. कपाशीच्या तासांच्या मधे आपण तुरीची ओळ घालतो. पीक कपाशीचे, पण मधली जागा वाया जात नाही. दूरचित्रवाणीला प्रत्येक वाहिनीसाठी रुंद पट्टा लागतो. अमेरिकेत ६ मेगाहर्ट्झ, युरोपात बहुतेक ठिकाणी ८. एका शहरात लागोपाठच्या दोन पट्ट्यांवर दोन केंद्रे ठेवली की चित्रे एकमेकांत मिसळत, म्हणून मधले पट्टे मोकळे सोडीत. त्या मोकळ्या तासांत माईकवाल्यांनी आपली तूर पेरली. साधारण ४७० पासून ८६० मेगाहर्ट्झपर्यंतचे हे सारे रान. कुठे परवाना घेऊन, कुठे न घेता. पण बहुधा कोणी हरकत घेत नसे, कारण कोणाचे नुकसान होत नसे.

तरी त्यातही एक मर्यादा होतीच. माईक वाढले की त्यांच्या लहरी एकमेकींत गुंतून तिसऱ्याच लहरी निर्माण करतात. एक माईक ६०० वर आणि दुसरा ६०१ वर लावला, तर ५९९ आणि ६०२ वर त्यांची भुते उठतात. आता एखाद्याने समान अंतराच्या हौसेने तिसरा माईक बरोबर ६०२ वर ठेवला, की त्याचा घात झालाच. म्हणून माणसे मोजून अंतरे विषम ठेवतात. दहा-वीस माईकांचे गणित असे बसते. दोनशेंचे बसत नाही. ‘जाणता राजा’बद्दल वर म्हटले ते याचसाठी.

मग रानाचा लिलाव झाला. मोबाईल फोन आले, फोनावर चित्रे आली, आणि त्या कंपन्यांना जागा अपुरी पडू लागली. दूरचित्रवाणी अंकीय झाल्यामुळे तेवढीच चित्रे कमी पट्ट्यांत मावू लागली. उरलेली जमीन सरकारांनी विकायला काढली. अमेरिकेत ६९८ मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा माईकवाल्यांनी १२ जून २०१० पर्यंत सोडावा असा हुकूम निघाला. त्यांनी सोडला, नवे संच घेतले, ते ६०० च्या घरात लावले. सात वर्षांनी, २०१७ साली, तोही पट्टा लिलावात गेला. त्या लिलावात सुमारे १,९८० कोटी डॉलर जमले, आणि माईकवाल्यांना १३ जुलै २०२० ही शेवटची तारीख मिळाली. दहा वर्षांत दोनदा बिऱ्हाड हलवावे लागले. इंग्लंडात माईकवाल्यांचे हक्काचे घर म्हणजे ६९ क्रमांकाची वाहिनी. ते २०१२ अखेर गेले आणि ३८ क्रमांकाचे मिळाले. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०१५ पासून ६९४ ते ८२० मेगाहर्ट्झ बंद केले.

माझ्या मते यात इंग्लंडचे वागणे त्यातल्या त्यात सरळ. जुन्या वाहिनीचे परवाने ज्यांच्याजवळ होते त्यांच्या संचांबद्दल तिथल्या सरकारने काही भरपाई दिली. अमेरिकेत माईकवाल्यांच्या पदरी पडली ती कारखान्यांची सवलत: जुना द्या, नव्यावर सूट घ्या. लिलावातले पैसे कोट्यवधींचे, आणि माईक घेणारी मंडळी म्हणजे शाळा, देवळे, चर्चे, नाटकमंडळ्या. तुरीच्या ओळीचे नाव सातबाऱ्यावर नसते, तसेच झाले.

आता तुमच्या भजनी मंडळाकडे येऊ. समजा, इथे बरे चालणारे चार कॉर्डलेस तुम्ही पेटीत घातले आणि परदेशी निघालात. काय होईल? पहिली शक्यता अशी की नुसता खर्र असा आवाज येईल, कारण त्या जागेवर तिथला मोबाईल मनोरा हजारो पटींनी मोठ्याने बोलत असेल. ही शक्यता त्रासदायक, पण निरुपद्रवी. दुसरी शक्यता अधिक वाईट: माईक छान चालेल, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याचे काम बिघडेल.

एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा पाहा. इंग्लंडची ३८ वी वाहिनी ती हीच. सामाईक परवाना काढला की देशभर कुठेही माईक लावा. आता तोच संच घेऊन अमेरिकेला गेलात तर ६०८ ते ६१४ तिथे माईकला पूर्ण वर्ज्य. तिथे तो पट्टा दोघांसाठी राखला आहे. एक, आकाशातील अतिक्षीण लहरी ऐकणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठी. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला जी तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तीही ६१० च्या आसपास कान लावीत आली आहे, म्हणजे हे काही अमेरिकेचे लहरीपण नव्हे. आणि दुसरे धनी म्हणजे रुग्णालये. तिथे हृदयरोग्याच्या छातीला लावलेले यंत्र त्याच्या ठोक्यांची खबर तारेवाचून परिचारिकेच्या टेबलापर्यंत पोचवते, ती याच पट्ट्यावरून. सभागृहाच्या शेजारीच रुग्णालय असेल, तर आपल्या कॉर्डलेसने कुणाच्या कामात हात घातला हे आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही.

तशीच गत ८६३ ते ८६५ ची. युरोपात या पट्ट्याचे माईक बाजारात सर्रास मिळतात, इंग्लंडात त्यांना परवानाही लागत नाही. आमचे लंडनचे पाहुणे तोच संच भेट म्हणून देतील आणि तुम्ही तो पुढच्या वर्षी अमेरिकेला न्याल. पण अमेरिकेत ८५१ ते ८६९ च्या पट्ट्यात पोलीस, अग्निशामक यांची बिनतारी बोलणी चालतात. जपानमध्ये ८०६ ते ८१० या टापूत अल्पशक्तीचा माईक परवान्यावाचून चालतो. ऑस्ट्रेलियाने बंद केलेल्या पट्ट्यात तोच येतो. माईक तोच, सेल तोच, भजनही तेच. विमानातून उतरलात की तो कायदेशीर राहिला नाही. माणसाला पारपत्र लागते, त्यावर शिक्का लागतो, हे आपण जाणतो. आवाजालाही ते लागते, हे कोणी सांगत नाही.

या सगळ्याला तोड म्हणून हल्ली २.४ गिगाहर्ट्झचे माईक दाखवतात. दुकानदार सांगतो, जगात कुठेही चालतो. ते खोटे नाही. तो पट्टा बहुतेक देशांत खुला आहे. पण खुला म्हणजे सर्वांनाच खुला. वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे. सकाळी रिकाम्या सभागृहात तालीम होते, माईक घंटेसारखा स्वच्छ बोलतो, सगळे खूश. संध्याकाळी पाचशे माणसे पाचशे फोन खिशात घालून येऊन बसतात, आणि नमनालाच आवाज तुटू लागतो. शिवाय या उंचीच्या लहरी माणसाच्या अंगात मुरतात. भरलेले सभागृह म्हणजे त्यांना एक भिंतच. एकट्या निवेदकाला तो माईक ठीक आहे. ज्या नाटकात एक वाक्य गळले की पुढचा प्रसंग कोसळतो, त्या नाटकाला तो देऊ नये.

तेव्हा करायचे काय? इथला संच इथेच ठेवायचा. ज्या मंडळाने बोलावले आहे त्याला तीन महिने आधी लिहून विचारायचे: सभागृह कोणते, तिथले माईक कोणते, ते कोणत्या मेगाहर्ट्झवर चालतात, परवाना लागत असेल तर तो कोणाच्या नावावर आहे. बहुतेक मोठ्या शहरांत त्या देशाच्या नियमात बसणारे संच भाड्याने मिळतात, आणि ते लावणारा माणूस कोणत्या वाहिन्या मोकळ्या आहेत ते जाणून असतो. आपला स्वतःचा संच न्यायचाच असा हट्ट असेल, तर पेटीच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा; तिथे मेगाहर्ट्झचा आकडा छापलेला असतो. तो आकडा यजमानांना कळवा आणि त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. चिठ्ठीच नसेल तर तो संच सीमेबाहेर नेण्याच्या लायकीचा नाही असे खुशाल समजा. कानाशी चिकटवायचा नाजूक माईक तेवढा आपला न्यावा असे काहींना वाटते. तोही विचारूनच न्या, कारण एका कंपनीच्या पिना दुसरीच्या भोकात बसत नाहीत.

आणि तारेची लाज बाळगू नका. खंजिरी भजनाचे मंडळ बसून गाते. बुवा बसलेले, पेटीवाला बसलेला, साथीदार बसलेले. त्यांना कॉर्डलेस कशासाठी हवा? केवळ शोभेसाठी? तारेचा माईक घाटंजीत, लंडनमध्ये आणि टोकियोत सारखाच चालतो. त्याला परवाना नाही, पट्टा नाही, भूत नाही. १९८० साली पुण्याच्या थिएटर अकादमीने ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात नेले. त्या नाटकात माणसांचीच रांग पडदा होते, गाते, नाचते, फुटते, पुन्हा जुळते. इतकी हालचाल, इतके गाणे. आणि तो जमाना प्रत्येक नटाच्या कानाशी माईक चिकटवण्याचा नव्हता. कंठ कमावलेले होते म्हणून ते निभावले. दंडारीचा प्रश्न निराळा, तिथे नाचणाऱ्याला खरोखरच मोकळीक हवी. तिथे मुख्य गाणाऱ्यापुरते दोन कॉर्डलेस तिथलेच भाड्याने घ्यावेत आणि कोरसासाठी वर टांगलेले तारेचे माईक ठेवावेत. खर्चही आटोपशीर राहतो.

विजेचा आणि जकातीचाही थोडा विचार हवा. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. ज्या अडॅप्टरवर १०० ते २४० असे छापले आहे तो नुसती पिन बदलून चालेल. फक्त २३० छापलेला जड अडॅप्टर तिथे निर्जीव पडून राहील. मौल्यवान यंत्रे नेत असाल तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यांचे क्रमांक लिहिलेला निर्यात दाखला घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडे विकत घेतले काय?’ या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येते. मोठ्या नाटकमंडळ्या एटीए कार्नेट नावाचे कागदपत्र काढतात. आपल्या देशात ते फिक्की या संस्थेकडून मिळते, आणि त्यावर सामान अनेक देशांत जकातीवाचून नेऊन परत आणता येते. चार माणसांच्या भजनी मंडळाला एवढा खटाटोप नको.

सेलांचे मात्र लक्षात ठेवा. लिथियमचे सुटे सेल मोठ्या पेटीत घातले तर विमानतळावर पेटी उघडायला लावतात. ते हातातल्या पिशवीतच न्यायचे असतात, टोकांना चिकटपट्टी लावून. साधे पेन्सिल सेल तर इथून नेऊच नका. ते शिकागोला मिळतात, लंडनला मिळतात, आणि प्रत्येक खेळाला नवे घालायचे असतात.